डॉक्टरबाईंची वाट

आमच्या विषयाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस हमखास गुडघा पुढे करतो. 'आरोग्याचं समाजशास्त्र' यातलं त्याला फक्त 'आरोग्य' ऐकू येतं. एसटीत, लग्नात, बँकेच्या रांगेत हे झालंय. एकदा तर माझ्या नेमणुकीच्या मुलाखतीत पॅनेलवरच्या एका सद्गृहस्थांनी मला त्यांच्या वाढलेल्या साखरेबद्दल विचारलं होतं. मी सांगते, आम्ही औषध देत नाही. माणूस आजारी पडला की घरात कोण ठरवतं, कुणाला दवाखान्यात नेतात आणि कुणाला नेत नाहीत, डॉक्टर कुणाशी बसून बोलतो आणि कुणाशी उभ्याउभ्या, हे आम्ही बघतो. "अच्छा," असं म्हणून माणूस गुडघा मागे घेतो.

मी या विषयाकडे आले ते वडिलांमुळे. ते सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले की आईला दिवसभराचं सांगायचे. आज कोण आलं, खाट कुणाला मिळाली, कुणाबरोबर कोणीच नव्हतं, कुठल्या म्हातारीने डॉक्टरांसमोर सगळ्याला 'हो' म्हटलं आणि बाहेर येऊन वडिलांना विचारलं, "काय बोलले ते?" मी भाकरी खात ऐकायची. पुढे एम.ए.ला गेल्यावर कळलं की असल्या गोष्टींचा अभ्यास करणारी माणसं असतात, त्यांची पुस्तकं असतात, अधिवेशनं असतात. मला वाटलं होतं, वडील जे आईला सांगतात ते मी सगळ्यांना सांगेन.

प्रत्यक्षात मी शहापूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि वर्गात किती मुलं येतात यावर आपण त्या वर्षी आहोत की नाही ते ठरतं. आरोग्याचं समाजशास्त्र हा पेपर ऐच्छिक. मुलं स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल असा पेपर निवडतात. आमचा पडत नाही.

या भागात हा विषय करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. मुरबाडला एक निवृत्त सर होते, त्यांनी आम्हाला एकत्र आणलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरी जमायचं, एकाने आपलं लिखाण वाचायचं, बाकीच्यांनी ते फाडायचं. सुरुवातीला आम्ही पाच होतो. एकजण विमा कंपनीत गेला. एकजण नाशिकला जाऊन दुसऱ्याच कामाला लागली. उरलो तिघं. सर, मी, आणि मुरबाडला शिकवणारी माझी एक मैत्रीण. ती धसईची, घरचं भाजीचं शेत, जिभेला धार. सरांचा एक नियम होता. लिखाण वाचण्याआधी, या महिन्यात फिल्डवर आपलं काय चुकलं ते सांगायचं. सर म्हणायचे, "डॉक्टरची चूक जळते किंवा पुरली जाते. आपली छापून येते."

विद्यापीठात आम्हाला कोणी ओळखत नव्हतं, डॉक्टर लोक आम्हाला प्रश्नावली भरणारे कारकून समजायचे, आणि कॉलेजातले सहकारी म्हणायचे, "तुमचं बरं आहे, फिरायला मिळतं." त्या रविवारच्या तीन तासांत तेवढं आपण काहीतरी आहोत असं वाटायचं.

पीएचडीसाठी मी डोळखांबकडचा एक पाडा धरला होता. डोंगराच्या कुशीत, पन्नासेक घरं, भात आणि नाचणी, दिवाळीनंतर निम्मी माणसं बाहेरगावी कामाला. विषय होता, आजारी माणूस दवाखान्यात पोचायला उशीर का होतो. पाच वर्षं मी तिथे जात होते. उतरायची एका बाईच्या घरी. माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठी, अंगाने बारीक, बोलायला मोकळी. तिचा नवरा कमी बोलायचा. मी ओट्यावर वही उघडून बसले की तो शेजारी बसून सुतळी वळायचा. तिनेच मला घरोघर नेलं. "ही शहापूरची बाई. आपला दुखनाखुपना लिवून घेती. सांगा तिला." त्यांची घरातली बोली मला सुरुवातीला नीट कळायची नाही, ती मला समजावून सांगायची आणि माझी शहरी मराठी त्यांना. माझ्या प्रबंधात जे काही खरं आहे ते तिच्या ओट्यावरून आलंय.

पहिली दोन वर्षं मी प्रत्येकाला सांगायची, मी डॉक्टर नाही, मला गोळ्या माहीत नाहीत. नंतर सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून सांगायचं बंद केलं.

मग पीएचडी मिळाली. आमच्या बौद्धवाड्यात नाक्यावर फ्लेक्स लागला, त्यावर माझा फोटो आणि नावापुढे ठळक 'डॉक्टर'. वडील रोज संध्याकाळी त्या फ्लेक्सखाली जाऊन उभे राहायचे. ओळखीचं कुणी भेटलं की म्हणायचे, "मुलगी डॉक्टर झाली." कसली डॉक्टर, ते सांगायचे नाहीत. चाळीस वर्षं ज्या माणसाने डॉक्टरांच्या मागे ट्रॉली ढकलली, त्याला मी काय म्हणून अडवणार होते?

त्या आठवड्यात मी पेढे घेऊन पाड्यावर गेले. पाड्याची आरोग्यसेविका, म्हणजे तिथली आशाताई, तिने बायका जमवल्या. कुणीतरी रानफुलांचा हार केला होता. आशाताई उभी राहिली आणि म्हणाली, "आपली बाई आता डॉक्टर झाली. आपल्या पाड्याची डॉक्टर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी पुढे आली, तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी जिच्या घरी उतरायची त्या बाईने सगळ्यांदेखत विचारलं, "मंग आता काय झाला तं तुमाला फोन करू ना?"

मी म्हणाले, "करा की. केव्हाही करा."

मी त्या वेळी खुलासा करायला हवा होता. एक वाक्य पुरलं असतं. पण गळ्यात हार होता, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो काढून ठेवावासा वाटला नाही. हे मी आज कबूल करते आहे. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की यांना कळतंच आहे, उगीच कशाला रंगाचा बेरंग.

दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. कॉलेजात सत्र परीक्षा चालू होत्या. माझी सकाळपासून सुपरव्हिजन होती, एका पाठोपाठ दोन पेपर. मोबाइल परीक्षा कक्षात जमा करायचा, पेपर संपल्यावर परत घ्यायचा. दुपारी अडीचला मी तो परत घेतला. त्यावर पाड्यावरच्या माझ्या त्या बाईच्या नंबरचे मिस्ड कॉल ओळीने. पाड्यात रेंज येत नाही, रेंजसाठी पाण्याच्या टाकीपर्यंत चढावं लागतं. ती किती वेळा चढली असेल ते मला त्या ओळीवरून दिसलं.

मी लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. ती टाकीपाशीच बसून होती.

"बाई, कुठं हाव तुमी? यांचा तोंड वाकडा झालाय. उजवा हात उचलत नाय. बोलाया जातात तं नुसता आवाज येतो."

"कधीपासून?"

"सकालधरनं. न्याहारी करून खल्यावर भात झोडत व्हते, तितंच बसले."

"एकशेआठला फोन केलात का?"

"नाय. तुमालाच लावत व्हते ना." आणि मग अगदी विश्वासाने, "तुमी सांगशाल तसा करू."

आशाताई त्या दिवशी ट्रेनिंगसाठी तालुक्याला आली होती. मी रुग्णवाहिकेसाठी एकशेआठला फोन केला, आशाताईला शोधून काढलं, आणि शहापूरच्या सरकारी दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. गाडी पाड्यावर जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. त्याला खाली उतरवलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. त्याने मला ओळखलं. तोंडाची एक बाजू हलली.

तपासणारी डॉक्टर तरुण होती, माझ्या विद्यार्थिनी असतात त्या वयाहून थोडीच मोठी. तिने पटापट हात उचलायला लावला, डोळ्यांत बॅटरी मारली, बीपी घेतलं. मग विचारलं, "हे झालं केव्हा?"

"सकाली," त्याच्याबरोबर आलेली माझी बाई म्हणाली.

"आणि आत्ता आणताय? कुणाची वाट बघत होता एवढा वेळ?" तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती.

"आमच्या डॉक्टरबाईंची."

"कोण डॉक्टर? कुठे बसतात त्या?"

माझी बाई वळून माझ्याकडे बघायला लागली. मी केसपेपर हातात धरून उभी होते. डॉक्टरने तिच्या नजरेच्या दिशेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "पेशंटचं वय बावन्न लिहा."

तिने बावन्न लिहिलं. मग सांगितलं की मेंदूतली रक्तवाहिनी बंद झालेली दिसतेय, शहरात मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, मेंदूचा फोटो काढावा लागेल. "पहिल्या काही तासांत आले असते तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं कदाचित. आता तिथे गेल्यावर बघतील." मी मान हलवली, जशी वर्गात मुलं न समजता हलवतात. त्यांना घेऊन गाडी निघाली. मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरव्हिजन होती.

तो जगला. उजवा हात आणि पाय गेला, वाचा गेली. दवाखान्यातून त्याला घरी आणेपर्यंत मी दोनदा शहरात जाऊन आले. दोन्ही वेळा वॉर्डाच्या दारातूनच बिस्किटांचा पुडा देऊन परत फिरले. ती म्हणायची, "बसा ना बाई." मी म्हणायची, बस चुकेल.

याच दिवसांत मी जुन्या वह्या काढल्या. पुढच्या महिन्यात आमच्या विषयाच्या लोकांचं वार्षिक अधिवेशन होतं, तिथे मला पेपर वाचायचा होता, त्यासाठी उतारे हवे होते. पीएचडीनंतरही माझं पाड्यावर जाणं चालू होतं, आणि त्याच वर्षीच्या भाद्रपदातल्या एका भेटीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'घरमालक: उजव्या हाताला मुंग्या येतात, दोनदा भाकरी हातातून पडली, थोड्या वेळाने आपोआप बरं वाटलं. दवाखान्यात गेले नाहीत. कारण: शेताचं काम, त्रास आपोआप थांबला.' कारणाच्या खाली मी दोन रेघा मारल्या होत्या. चांगला उतारा मिळाला की मी मारते तशा.

ते पान उघडं ठेवून मी किती वेळ बसले ते सांगता येत नाही. त्याने मला सांगितलं होतं. कमी बोलणाऱ्या त्या माणसाने सुतळी वळता वळता स्वतःहून सांगितलं होतं, आणि कुणाला? डॉक्टरबाईला. सांगून तो मोकळा झाला होता. आणि मीही लिहून मोकळी झाले होते.

पुढच्या रविवारी मुरबाडला गेले. त्या दिवशी वाचायची पाळी माझी होती. सरांनी नेहमीसारखं विचारलं, "हं, आधी चूक सांगा."

मी म्हणाले, "दोन मुलाखतींच्या तारखांची अदलाबदल झाली माझ्याकडून."

सर म्हणाले, "सुधारलीस ना?" मी हो म्हणाले आणि अधिवेशनाचा पेपर वाचायला घेतला. त्यात एक वाक्य होतं, 'आरोग्यविषयक जाणिवेचा अभाव व कुटुंबाची अनिर्णयाची स्थिती ही विलंबाची प्रमुख कारणे दिसतात.' तिथे मी थांबले. मी पाणी प्यायले आणि पुढे वाचलं. सरांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. मैत्रीण काहीच बोलली नाही. एरवी ती दुसऱ्या पानापर्यंतही थांबत नाही.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते नीट आठवत नाही. वर्गात उभी राहायची आणि वाक्य अर्ध्यावर विसरायची. आजारी माणसाची समाजातली भूमिका हा धडा होता, तो मी तीन तासिका पुढे ढकलला. जेवण जाईना. वडील विचारायचे, "कॉलेजात काही बोललं का कुणी?" त्यांना सांगणं शक्य नव्हतं. नाक्यावरचा फ्लेक्स उन्हाने फिका पडला होता, तरी त्यांनी तो काढू दिला नव्हता. नोकरी सोडावी असं वाटायचं, पण तासिका तत्त्वावरच्या माणसाला राजीनामाही देता येत नाही. तो नुसता यायचा बंद होतो आणि महिन्याभराने कुणीतरी विचारतं, त्या बाई दिसल्या नाहीत हल्ली. एकदा एसटीत माझा शेणव्याचा थांबा आला तरी मी तशीच बसून राहिले आणि कंडक्टरने शेवटच्या थांब्यावर खांदा हलवून उठवलं. मी झोपले नव्हते.

शेवटी मैत्रिणीनेच बोलावलं. "धसईला ये. बाजार आहे, वांगी विकायला बसलेय मी आईबरोबर." मी गेले. तिने गोणपाटावर मला शेजारी बसवलं, एका गिऱ्हाइकाला वांगी तोलून दिली आणि म्हणाली, "तारखांची अदलाबदल झाली म्हणे. आता खरं काय ते सांग."

मी सांगितलं. सगळं, हारापासून. अधूनमधून गिऱ्हाईक यायचं, मी थांबायची, ती वांगी द्यायची, मी पुढे सांगायची. मला वाटलं होतं ती पाठीवर हात ठेवेल. ती लालबुंद झाली.

"तू दवाखान्यातसुद्धा बोलली नाहीस? त्या डॉक्टरने तोंडावर विचारलं तेव्हा?"

"नाही."

"आणि वर ते वाक्य वाचलंस, जाणिवेचा अभाव. कुणाच्या जाणिवेचा गो?" तिची आई वळून बघायला लागली तशी ती गप्प झाली. थोड्या वेळाने पिशवीत वांगी भरून माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "चल, सरांकडे जाऊ. आत्ताच."

सरांनी ऐकून घेतलं. ते आरामखुर्चीत, आम्ही दोघी खाली सतरंजीवर. मी रडले, ते थांबले, मी परत बोलले.  मला वाटलं, ते म्हणतील की असं होतं, फिल्डमध्ये होतं, स्वतःला दोष देऊ नकोस. तेवढ्यासाठीच मी आले होते.

त्यांनी विचारलं, "त्या घरी सांगितलंस का हे?"

"नाही सर."

"मग आम्हाला कशाला सांगतेस?"

दुसऱ्या दिवशी मी तास बुडवून पाड्यावर गेले. तो ओट्यावर उन्हाला बसला होता, पायावर गोधडी. ती अंगणात काटक्या फोडत होती. मी म्हणाले, "मला बोलायचंय." ती पदराला हात पुसत आली. मी तिला उभ्याउभ्याच सांगितलं की मी डॉक्टर नाही. औषधाची डॉक्टर नाही, पुस्तकाची आहे. पेढे वाटले त्या दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, कारण मला बरं वाटत होतं. तुम्ही माझी वाट बघितली नसती तर हे लवकर दवाखान्यात पोचले असते. आणि त्यांच्या हाताला मुंग्या येतात हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं, तेही मी नुसतं लिहून घेतलं.

तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "मंग पाच वर्सं काय शिकत व्हत्या तुमी?"

मी खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा सारखा केला.

"आमी आमचा समदा दुखना तुमाला सांगला. माज्या पोराचा सांगला, जे गेला त्याचा. कोनाला नाय सांगला तो तुमाला सांगला. आमाला वाटला तुमी त्यावरची दवा शिकताय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "नुसता लिवाया?"

ओट्यावरून त्याने काहीतरी आवाज केला. ती त्याच्याकडे गेली, गोधडी सारखी केली आणि परत काटक्यांपाशी जाऊन बसली. मी अंगणात उभी होते. त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणी चहा विचारला नाही. थोड्या वेळाने मी निघाले. टाकीपाशी पोचले तेव्हा मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

अधिवेशनाला मी गेले ते सरांमुळे. मी नाव मागे घ्यायला निघाले होते, सर म्हणाले, "जा आणि ते वाक्य दुरुस्त करून वाच. तेवढं तरी कर." मोठ्या शहरातलं मोठं विद्यापीठ, गारेगार सभागृह, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं. मला दहा मिनिटं होती. मी पेपर वाचला आणि त्या वाक्याच्या जागी सांगितलं की एका घरात उशीर झाला तो माझी वाट बघितल्यामुळे. नाव, गाव काढून बाकी सगळं सांगितलं.

सभागृहात चुळबुळ झाली. अध्यक्ष म्हणाले, "संशोधकाची स्वतःची भूमिका, पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने रंजक मुद्दा आहे, यावर वेगळा पेपर होऊ शकेल." एकाने विचारलं, घरं कशी निवडली होती. मी सांगितलं. वेळ संपली. माझ्यानंतरच्या पेपरला टाळ्या वाजल्या तेवढ्याच माझ्याही पेपरला वाजल्या होत्या. मी जागेवर जाऊन बसले. मला वाटत होतं, आता मी उठून बाहेर गेले आणि कधीच परत आले नाही तर यांच्यापैकी एकाचंही काही अडणार नाही.

चहाच्या वेळी मी कोपऱ्यात उभी होते. एक वयस्कर प्राध्यापिका जवळ आल्या. त्या विदर्भातल्या, या विषयातलं मोठं नाव. त्यांची पुस्तकं वाचून मी परीक्षा दिल्या होत्या. त्या शेजारी उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तरुण होते तेव्हा एका गावात कुपोषणाचा अभ्यास करत होते. लोकांना वाटायचं, ही सरकारी बाई, हिच्या यादीत नाव आलं की मदत येते. एका बाईने तिचं मूल माझ्या समोर आणून ठेवलं. म्हणाली, हिचं नाव लिहा. मी लिहिलं. वय, वजन, दंडाचा घेर, सगळं नीट लिहिलं आणि पुढच्या घरी गेले." कपातला चहा त्यांनी तसाच धरला होता. "तुमचा माणूस जगला ना?"

"जगला."

"माझी मुलगी नाही जगली," त्या म्हणाल्या. म्हणजे त्या बाईची, यादीत लिहिलेली, हे मला कळलं. "पन्नाशीत एकदा सांगायचा प्रयत्न केला होता. व्यासपीठावर जमलं नाही." मग कुणीतरी त्यांना फोटोसाठी हाक मारली आणि त्या गेल्या. परतीच्या प्रवासात मी तेच घोळवत होते. इतकी माणसं, इतकी वर्षं, आणि आम्ही एकमेकांना हे चहाच्या कोपऱ्यात सांगतो.

पुढच्या जूनमध्ये माझ्या पेपरला पुरेशी मुलं मिळाली नाहीत. कॉलेजने तो बंद केला. मला पहिल्या वर्षाचे चार तास उरले. त्याच पावसाळ्यात सरांना अंथरूण धरावं लागलं आणि रविवारची बैठक थांबली. मी आणि मैत्रीण त्यांच्याकडे जातो, ते आमच्या बोलण्यावर डोळे मिटून हुंकार देतात. विषयाचं आम्ही फार बोलत नाही.

श्रावणात आशाताईचा फोन आला. पाड्यावरच्या माझ्या बाईला नवऱ्याचा दिव्यांगाचा दाखला काढायचा होता. ठरलेल्या वारी जिल्ह्याला जायचं, फॉर्म, फोटो, रांग, तपासणी. आशाताई म्हणाली, "तिला बोलले, बाईंना सांगू का? ती काय बोलली नाय. नको पन बोलली नाय. म्हनून लावला फोन."

मी गेले. मैत्रीणही आली, एकजण रांगेत उभी राहायला हवी म्हणून. पहिल्या खेपेला एक कागद कमी पडला. दुसऱ्या खेपेला तपासणारे डॉक्टर सुट्टीवर होते. त्या दोन्ही खेपांत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. एसटीच्या पायऱ्या चढताना तिने डावीकडून त्याला धरलं आणि मी उजवीकडून, त्याचा निर्जीव हात माझ्या खांद्यावर टाकून. वजनदार होता तो हात. सुतळी वळणारा.

तिसऱ्या खेपेला तपासणी झाली. खिडकीवरून गोळ्यांची नवी पाकिटं मिळाली, तीन वेगवेगळी. आम्ही बाकावर बसलो. तिने पाकिटं उलटसुलट करून पाहिली, मग एक माझ्यापुढे धरलं.

"ही जेवल्यावर द्यायची का जेवनाआधी?"

त्या गोळीचं नाव मी पूर्वी कितीतरी केसपेपरांवर वाचलं होतं. अंदाजाने सांगता आलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "विचारून येते."

तिने पाकीट माझ्या हातात दिलं. मी उठून परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे सहासात माणसं असताना खिडकी जेवणासाठी बंद झाली. आतून कुणीतरी सांगितलं, दोन वाजता या. मी बाकावर परत आले, मैत्रिणीने सरकून जागा केली, आणि आम्ही चौघं दोन वाजायची वाट बघत बसलो.